वालाचं बिरडं आणि कमलाताई

वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक सोलायचा आणि मग शिजवायचे. एवढा खटाटोप कशाला, असं आमच्या गटात कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत सापडतं.

कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी अर्ज केला, तर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. कमलाताई अडून बसल्या. शेवटी वर्षभर काम पाहून ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. मुलांना अशी अट नव्हती हं! १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेवर काम केलं, ते पुन्हा कधीतरी सांगू. आज वालाचंच. आपल्या पोटात प्रथिनं पचवणारा ट्रिप्सिन नावाचा पाचक घटक असतो. त्याला अडवणारा पदार्थ कच्च्या वालात आणि डबलबीत असतो. कमलाताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्फटिकरूपात वेगळा काढला. १९५५ साली ते संशोधन छापून आलं. नीट शिजवलं की या पदार्थाचा जोर मोडतो. आज्या हे नाव न घेता करत होत्या.

म्हणून बाळांच्या पिठासाठी गॅस वाचवायला डाळी कच्च्याच दळू, ही सूचना आम्ही मानली नाही. आम्ही भाजूनच दळतो. आणि विकताना प्रत्येक आईला सांगतो, हे पीठ नुसतं दुधात कालवू नका, चांगलं शिजवून भरवा.