मागचा गडी पुढं धावतो तेव्हा

फुटबॉलच्या संघातला सर्वांत दुर्लक्षित गडी कोण, असं विचाराल तर मी फुलबॅकचं नाव घेईन. बचावाच्या फळीत अगदी डाव्या आणि अगदी उजव्या कडेला उभे असतात ते हे दोघे. आज ते सर्रास समोरच्या गोलपर्यंत धावतात, क्रॉस टाकतात, कधी गोलही मारतात आणि आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण १९५०च्या आसपास फुलबॅकनं मधली रेघ ओलांडणं म्हणजे पहारेकऱ्यानं फाटक उघडं टाकून वरातीत नाचायला जाण्यासारखं होतं. समोरच्या विंगरला अडवायचं आणि चेंडू लांब भिरकावून द्यायचा, एवढंच त्याचं काम.

१९५८च्या विश्वचषकातला एक किस्सा ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं सांगितला जातो. स्वीडनमधल्या उद्देवाला गावी ८ जूनला ऑस्ट्रियाविरुद्ध सामना होता. उत्तरार्धात डावा फुलबॅक निल्टन सांतोस चेंडू घेऊन निघाला तो थांबेचना. प्रशिक्षक फिओला बाहेरून ओरडतायत, ‘परत फीर, परत फीर!’ आणि सांतोसनं गोल मारल्यावर तेच म्हणतात, ‘वा, छान!’ किस्सा तिखटमीठ लावलेला असेलही, गोल मात्र खरा. ब्राझीलनं तो सामना ३-० असा जिंकला. सांतोसला हे धाडस करता आलं, कारण त्याच्या पुढं खेळणारा झागालो गरज पडताच मागं येऊन जागा राखत असे.

सांतोसनं केलं ते स्वतःच्या मर्जीनं. त्याची पद्धत बसवली ती इटलीत, आणि तीही बचावासाठी बदनाम असलेल्या संघानं. मिलानच्या इंटर क्लबवर एलेनिओ एरेरा १९६० साली प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या खेळाला ‘कातेनाच्चो’ म्हणत. म्हणजे दाराची कडी. त्यांच्या हाती जाचिंतो फाकेत्ती नावाचा सहा फुटांहून उंच पोरगा लागला. पोरवयात तो आघाडीला खेळायचा. एरेरांनी त्याला डावा फुलबॅक केलं, पण त्याची धावायची खोड मोडली नाही.

आता यातली मेख पाहा. इंटरचा डावा विंगर कोर्सो याला कडेची रेघ धरून खेळायचा कंटाळा. तो आत सरकायचा. त्यामुळं डावीकडची वाट मोकळी पडे आणि फाकेत्ती तिथून मुसंडी मारी. त्याच वेळी उजवा फुलबॅक बुर्निक जागचा हलत नसे आणि सगळ्यांच्या मागं पिक्की राखण करत असे. १९६५च्या युरोपीय चषकाच्या उपांत्य फेरीत लिव्हरपूलकडून ३-१ अशी हार पत्करून इंटर घरी परतला आणि १२ मे रोजी परतीचा सामना त्यांनी ३-० असा जिंकला. पहिल्या दोन गोलांवरून लिव्हरपूलकरांनी पंचांच्या नावानं बोटं मोडली. तिसरा गोल फाकेत्तीचा होता. १९६५-६६च्या हंगामात तर त्यानं लीगमध्ये १० गोल केले. पुढं एरेरा तक्रार करत, की माझी नक्कल करणाऱ्यांनी कडी तेवढी उचलली, फाकेत्तीला विसरले.

मैदानावर मुलांना शिकवताना मला याचा फार उपयोग झाला. चपळ पोराला ‘पळ’ म्हणायला प्रशिक्षक कशाला हवा? शिकवायचं असतं ते बाकीच्यांना. विंगरनं आत सरकून त्याला वाट द्यायची, मधल्या फळीतल्या एकानं मागं थांबायचं, पलीकडच्या फुलबॅकनं मोह आवरायचा. आणि पळणाऱ्याला शिकवायची ती वेळ. आपल्या गड्याच्या पायात चेंडू स्थिरावला, त्यानं मान वर केली, की निघायचं. आधी निघालास तर समोरचे सावध होतात. उशीर केलास तर वाट बंद होते.

ज्या इंटरनं हे जगाला दाखवलं, त्याच इंटरवर ते उलटलं. २५ मे १९६७, लिस्बन, युरोपीय चषकाचा अंतिम सामना. समोर स्कॉटलंडचा सेल्टिक. त्यांचा एकूण एक खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेला. सातव्याच मिनिटाला सेल्टिकचा उजवा फुलबॅक जिम क्रेग याच्या धसमुसळेपणामुळं पेनल्टी मिळाली आणि इंटरनं कडी लावून घेतली. सेल्टिकचे प्रशिक्षक जॉक स्टाइन यांनी आपले विंगर आत वळवले. इंटरचे राखणदार त्यांच्यामागं गेले आणि दोन्ही कडा मोकळ्या पडल्या. ६३व्या मिनिटाला क्रेगनं उजवीकडून चेंडू आत दिला आणि डावा फुलबॅक टॉमी गेमेल यानं दुरून असा सणसणीत फटका हाणला, की गोलरक्षकाचा इलाज चालला नाही. एका फुलबॅकचा पास, दुसऱ्याचा गोल! एक पुढं गेला की दुसऱ्यानं मागं थांबायचं, असा स्टाइन यांचा दंडक होता म्हणतात; म्हणजे त्या क्षणी गेमेल तिथं असायलाच नको होता. ८४व्या मिनिटाच्या विजयी गोलातही गेमेलचा पास होताच. फाकेत्ती त्या दिवशी मैदानात होता.

तीन वर्षांनी, २१ जून १९७० रोजी, तो मेक्सिकोत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीचा कर्णधार होता. इटलीचा बचाव माणसाला माणूस असा. फाकेत्तीच्या वाट्याला ब्राझीलचा उजवा विंगर जाइरझिन्यो. ब्राझीलनं हे हेरलं होतं. ८६व्या मिनिटाला जाइरझिन्यो चक्क मैदानाच्या डाव्या अंगाला गेला आणि फाकेत्ती इमानेइतबारे त्याच्या समोर हजर. तिथून आत शिरत जाइरझिन्योनं चेंडू पेलेकडं सोपवला. पेले क्षणभर थांबला आणि न बघताच त्यानं उजवीकडं, जिथं कुणीच नव्हतं तिथं, चेंडू अलगद ढकलला. मागून धावत आला कार्लोस आल्बेर्तो. ब्राझीलचा कर्णधार, आणि उजवा फुलबॅक. ४-१.

तो रिकामा पट्टा फाकेत्तीच्या हद्दीतला होता. पुढं २००४ साली तो इंटरचा अध्यक्ष झाला. २००६च्या सप्टेंबरमध्ये वारला. त्यानंतर इंटरनं ३ क्रमांकाची जर्सी कुणालाच दिलेली नाही.