डॉक्टर चिठ्ठी लिहायला कधी शिकले?

‘डॉक्टर, ही गोळी मला चालेल ना?’ असं विचारणारे पेशंट मला आवडतात. कारण हाच प्रश्न स्वतःला विचारायला मी उशिरा शिकलो.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र होतं. प्रात्यक्षिकात खलात औषधं घोटून मिक्श्चर बनवायचो, बेडकाच्या हृदयावर औषधाचा परिणाम बघायचो. मार्कही चांगले पडले. पुढे इंटर्नशिपमध्ये गुडघे दुखणारे एक आजोबा आले. मी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. चार दिवसांनी ते काळी शौच होते म्हणून दाखल झाले. त्यांना पूर्वी अल्सर होता आणि मी ते विचारलंच नव्हतं. सुदैवाने आजोबा वाचले. त्या गोळीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो हे मला तोंडपाठ होतं. समोरच्या माणसाला ती चालेल का, हा विचार करायची सवय मात्र नव्हती.

असं का झालं? त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

पूर्वी वैद्यकीचे विद्यार्थी वनस्पती, क्षार आणि त्यांच्या गुणांच्या लांबलचक याद्या पाठ करत. १८४७ मध्ये डोर्पाट (आजचं एस्टोनियातलं टार्टू) इथे रुडॉल्फ बुखहाइम या प्राध्यापकांनी स्वतःच्या घरात, स्वखर्चाने प्रयोगशाळा काढली. औषध काम कसं करतं, हे प्रयोगाने तपासायचं हा त्यांचा आग्रह होता. आधुनिक औषधशास्त्राचा पाया तिथे घातला गेला. पण हा विषय वाढला तो प्रयोगशाळेत, प्राण्यांवर. पेशंट राहिला लांब वॉर्डात.

हे अंतर किती महागात पडतं, ते थॅलिडोमाइडने दाखवलं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेसाठी विक्रीला आलेलं हे औषध सुरक्षित म्हणून गरोदर स्त्रियांनाही उलट्या-मळमळीसाठी दिलं गेलं. हजारो बाळं अपुऱ्या हातापायांनी जन्मली. नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथे ते मागे घेण्यात आलं. त्यानंतर औषधांचा माणसांवरचा अभ्यास, म्हणजे क्लिनिकल फार्माकॉलॉजी, याला वेग आला. १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विषयाच्या शिक्षणावर स्वतंत्र अहवालच काढला.

तरीही विद्यार्थ्यांना चिठ्ठी लिहायची कशी, हे नीट शिकवणारं पुस्तक आलं १९९४ मध्ये. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या अनुभवावरून जागतिक आरोग्य संघटनेने ते काढलं. त्यात सहा पायऱ्या आहेत: पेशंटचा त्रास नेमका ओळखा, उपचारातून काय साधायचं ते ठरवा, निवडलेला उपचार याच पेशंटला योग्य आहे का ते तपासा, उपचार सुरू करा, माहिती आणि सूचना द्या, परिणामावर लक्ष ठेवा आणि गरज संपली की थांबवा.

याचा उपयोग होतो का, तेही तपासलं गेलं. दिल्ली, काठमांडू, लागोस यांसह सात शहरांतल्या २१९ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हे प्रशिक्षण घेतलेली मुलं इतरांपेक्षा सरस ठरली. न शिकवलेल्या तक्रारींवरही त्यांनी उपचार नीट निवडले आणि सहा महिन्यांनंतरही फरक टिकून होता.

आपल्याकडे २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात योग्य, वाचता येईल अशी चिठ्ठी लिहिणं आणि ती पेशंटला समजावून सांगणं हे स्पष्टपणे नमूद केलेलं आहे. याचा मला आनंद आहे.

पण तिसरी पायरी तुमच्या मदतीशिवाय पूर्ण होत नाही. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा जुने आजार, ॲलर्जी, चालू गोळ्या (आयुर्वेदिकसुद्धा), गरोदरपण हे न विचारताही सांगा. आणि तीन गोष्टी विचारा: हे औषध कशासाठी? किती दिवस? काय झालं तर लगेच परत यायचं?

त्या आजोबांनंतर प्रत्येक वेदनाशामक लिहिण्याआधी माझा पेन क्षणभर थांबतो. तो थांबला नाही असं दिसलं, तर बिनधास्त आठवण करा.