परसांतला उन्हाळा

मराठवाड्यांत घराची खरी परीक्षा उन्हाळ्यांत होते. पावसाळ्यांत रान हिरवें असतें, आडाला पाणी असतें, गुरें बाहेर चरून येतात. गृहिणीचें शहाणपण त्या दिवसांत फारसें पणाला लागत नाहीं. चैत्र सरला, वैशाखाची झळ उंबऱ्याशीं आली आणि शाळेला सुटी लागून मुलें दिवसभर घरीं राहूं लागलीं, कीं प्रत्येक तांब्याचा हिशेब सुरू होतो. माणसांनीं किती प्यावें, गाईपुढें किती ठेवावें, तुळशीला आणि लिंबाच्या रोपाला काय उरावें, या प्रश्नांचीं उत्तरें ज्या जागेंत पिढ्यान्‌पिढ्या शोधलीं गेलीं, ती जागा म्हणजे घरामागचें परस. चाकूरसारख्या गांवाच्या परसाचा इतिहास हा त्या उत्तरांचा इतिहास आहे.

लातूरहून अहमदपूरमार्गें नांदेडकडे जातांना वाटेंत चाकूर लागतें. आज तें लातूर जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. निजामी अमदानींत हा मुलूख बीदर जिल्ह्यांत मोडत असे. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत हा भाग उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला. आणि १९८२ सालीं लातूर हा निराळा जिल्हा झाला. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले, जमीन मात्र तीच राहिली. बालाघाटच्या पठाराखालीं काळा पाषाण आहे. तो पाणी पोटांत साठवीत नाहीं. भेगांतून जेवढें मुरेल तेवढेंच धरून ठेवतो. वर्षाकांठीं सरासरीनें ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस होतो, आणि ही सरासरी कांहीं वाईट नव्हे. परंतु तो सारा चार महिन्यांत येतो आणि कित्येक वर्षीं तेवढाही येत नाहीं. पारा ४० अंशांच्या वर चढला, कीं आडाचा पोहरा तळाला घासूं लागतो.

उन्हाळ्यांतील पाण्याचा विचार या प्रदेशांत फार जुना आहे. चाकूरच्या दक्षिणेस असलेली कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, ही उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांत राजाच्या उपभोगांमध्यें पाण्याला स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. कोणत्या ऋतूंत कोणतें पाणी प्यावें, तें शुद्ध कसें करावें, फुलांनीं सुवासिक कसें करावें, याचें तेथें वर्णन आहे. राजवाड्यांत ज्याची कला झाली, त्याची गांवच्या घरांत काटकसर झाली. ओल्या वाळूवर ठेवलेला माठ, त्याच्या तोंडावर भिजविलेलें फडकें आणि पाण्यांत टाकलेली वाळ्याची जुडी, एवढ्यावर साध्या घराचा उन्हाळा निभावत असे.

जुन्या घराची मांडणीच या हिशेबानें झालेली होती. समोर ढाळज, मधें चौक, वर पांढऱ्या मातीचें जाड माळवद, आणि मागें परस. दुपारच्या वेळीं माळवदाखालची खोली बाहेरच्या मानानें पुष्कळच थंड राही. परसाच्या एका अंगाला न्हाणी, तिच्या उतारावर अळूचें व केळीचें आळें. माणसें अंघोळ करीत त्या पाण्यावर अळू वाढे. अळूसाठीं निराळी कळशी कोणी ओढीत नसे. तांदूळ-डाळीचें धुवण आणि भाकरीच्या पिठाच्या परातीचें पाणी दगडी डोणींत जाई आणि म्हैस तें चवीनें पिई. शेणाच्या गवऱ्या चुलींत जळत, चुलीची राख भांड्यांना लागे, उरलेली राख वांग्याच्या पानांवर किडीसाठीं भुरभुरली जाई, आणि भांड्यांचें राखाडी पाणी पुन्हां आळ्यांत उतरे. एकच पाणी घरांतून बाहेर पडण्याआधीं दोन-तीन जीवांच्या उपयोगीं पडत असे. हें कोणी पुस्तकांतून शिकलें नव्हतें. आडांतून पाणी ओढणाऱ्या हातांना त्याचें मोल आपोआप कळत असे.

परसांतील झाडें आपल्याला सनातन वाटतात, पण त्यांपैकीं कित्येक परदेशांतून आलेलीं आहेत. तुळस, दोडका, दुध्या भोपळा, वांगें, शेवगा हीं या भूमीचीं जुनीं रहिवासी. मिरची, पेरू, पपई, लाल भोपळा आणि दसऱ्याच्या तोरणाचा झेंडू हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतलीं. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोंचला, पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवा घेतला, आणि त्यानंतर हीं रोपें दख्खनच्या गांवोगांव पसरलीं. सोमेश्वराच्या पाकशाळेंत मिरची नव्हती. तिखटपणा मिऱ्यांचा होता. आज चाकूरच्या एखाद्या आजीला मिरचीचें रोप उपरें आहे असें सांगितलें, तर ती हंसेल. जें रोप घरच्या सांडपाण्यावर जगलें, तें चार पिढ्यांत घरचें झालें.

उन्हाळ्यांत रोप जगविण्याची एक युक्ति अनेक ठिकाणीं आढळते. कच्च्या भाजणीचें मडकें रोपाच्या बुडाशीं गळ्यापर्यंत पुरावयाचें, पाण्यानें भरून वर झांकण ठेवावयाचें. मडक्याच्या अंगांतून पाणी हळूहळू पाझरतें, मुळें तेथें येऊन तें पितात, आणि उन्हानें वाफ होऊन फारसें वायां जात नाहीं. चीन देशांत इ. स. पूर्व पहिल्या शतकांत फान शेंगझी यानें लिहिलेल्या कृषिग्रंथांत ही रीत वर्णिलेली आहे. हजारों कोसांवरच्या दोन शेतकरी समाजांना कोरड्या मातीनें एकच धडा दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परसाचे खरे धनी मात्र तेथील जनावरें. लातूर जिल्ह्यांतील देवणी गांवाच्या नांवानें ओळखली जाणारी देवणी गाय ही या भागाची शान. गीर, डांगी आणि गांवठी गुरांच्या संकरांतून ती घडली असें पशुशास्त्रज्ञ मानतात. दूध आणि ओढकाम या दोहोंनाही ती उपयोगी. अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून तिचे वानेरा, बालंक्या व शेवरा असे भेद करतात. शेळी बहुधा काळी, उस्मानाबादी जातीची; तो जिल्हा आज धाराशिव नांवानें ओळखला जातो, शेळीचें नांव मात्र जुनेंच चालतें. कमी चाऱ्यावर टिकणें आणि पुष्कळदां जुळीं करडें देणें, हे तिचे गुण गरिबाच्या घरीं मोलाचे ठरले. लिंगायत व ब्राह्मण घरांत कोंबडी नसे. इतर बहुतेक परसांत खुराडें असे आणि पिलांवर डालगें पालथें घातलेलें असे.

मुलांचें या जनावरांशीं नातें सुटींत जडे. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविली, कीं एकवीस दिवसांची मोजणी मुलांकडे येई; भिंतीवर कोळशाची एकेक रेघ वाढत जाई. शेळी पांच महिन्यांनीं विणार आणि गाय नऊ महिन्यांनीं, हें पाटीवर न लिहितां पाठ होई. सकाळीं डोण भरणें, दुपारीं करडें सांवलींत बांधणें, सायंकाळीं आळ्यांत पाणी फिरविणें, हीं कामें वयाप्रमाणें वांटून दिलेलीं असत. एखाद्या मुलानें खेळाच्या नादांत डोण भरली नाहीं, तर त्याला छडी खावी लागत नसे. तहानेलेल्या वासराचें हंबरणें सारें घर ऐके, आणि तेवढें पुरे होई. आपल्या विसरण्यानें दुसऱ्या जीवाला त्रास होतो, हा धडा देण्यास परसाइतकी चांगली शाळा क्वचितच मिळेल.

भाषेच्या दृष्टीनेंही ती शाळाच होती. निजामी राजवटींत दरबारची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत तीच शिक्षणाचें माध्यम होती. परंतु कालवड आणि पाडा, दावण आणि गव्हाण, आळें आणि पाट हे शब्द मुलांच्या तोंडीं परसांतच बसले. पहांटे जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या ओव्यांतून तर आख्खें कुटुंब गाइलें जाई. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रभर अशा ओव्यांचा संग्रह उभा केला. त्यांची संख्या एक लाखाच्या घरांत आहे. इतिहासानें ज्या बायकांचीं नांवें टिपलीं नाहींत, त्यांचें मन तेथें जपलेलें आहे.

वैशाख हा माहेरवाशिणींचाही महिना. लेकी आपल्या मुलाबाळांसह माहेरीं येत आणि परसांत एकदम दहा-पंधरा पोरें जमत. खाटांवर शेवया आणि कुरडया वाळत, बाजरीच्या खारोड्यांवर पाखरें बसूं नयेत म्हणून लहानग्यांना राखणीला बसवीत, आणि राखणदारच निम्म्या ओल्या खारोड्या फस्त करीत. अक्षय तृतीयेला पितरांच्या नांवानें पाण्याचा घट दान दिला जाई. पुष्कळ घरांत त्या दिवसापर्यंत आंब्याचा रस ताटांत येत नसे. रात्रीं सारीं माळवदावर निजत. पाणी सर्वांत दुर्मिळ असतें त्या दिवसांतच त्याच्या दानाला सर्वांत मोठें पुण्य मानावें, यांत पूर्वजांची समज दिसून येते.

या चित्राला काळी बाजूही आहे आणि ती झांकून इतिहास सांगतां येत नाहीं. पाणी वांचविण्याचा धडा मुलगे खेळतां खेळतां शिकले. मुलींच्या डोक्यावर मात्र प्रत्यक्ष घागर होती. सुटी भावाला असे, बहिणीचें काम उन्हाळ्यांत उलट वाढे. आणि ज्यांना अस्पृश्य म्हणून गांवाबाहेर ठेविलें होतें, त्यांना गांवच्या आडावर पोहराही सोडतां येत नसे. कोणी वरून ओतील तेव्हां घडा भरावयाचा, तोंवर उन्हांत तिष्ठत राहावयाचें. त्यांच्या झोपडीमागेंही शेळी होती, भोपळ्याचा वेल होता, तहानेलें लेंकरूं होतें. हिशेब त्यांनाच सर्वांत कठीण पडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, त्याचा अर्थ अशा गांवांतील प्रत्येक रिकाम्या घड्याशीं जोडलेला होता.

अवर्षणाच्या सालीं परस क्रमाक्रमानें रितें होई. आधीं फुलझाडें सुकत, मग भाज्यांचीं आळीं. मग कोंबड्या जात, मग शेळ्या बाजाराला निघत. गाय सर्वांच्या शेवटीं. तिचें दावें सोडतांना घरांत चूल पेटत नसे. १८७६ ते ७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं दख्खनला असेच होरपळून काढलें. १९७२ च्या दुष्काळांत माणसें खडी फोडण्याच्या कामावर गेलीं. परदेशांतून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या आणि वांटपाची सुकडी यांवर मुलें वाढलीं. त्या पिढीचीं माणसें आजही नळ वाहतां दिसला, कीं उठून बंद करतात.

परसाला मोठा धक्का बसला तो मात्र दुष्काळानें नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे औसा तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. चिखलांत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचें मातीचें जड माळवद झोंपेंतल्या माणसांवर कोसळलें. हजारों जीव गेले. ज्या छपरानें उन्हाळ्यांत गारवा दिला, त्याचीच जिल्ह्याला धास्ती बसली. ठिकठिकाणीं माळवदें उतरलीं, पत्रे आणि सिमेंटचे स्लॅब आले. ही भीति निराधार नव्हती आणि तो बदल चुकीचाही म्हणतां येणार नाहीं. परंतु त्याच सुमारास नळ आला, खोल विंधनविहिरी आल्या, जागेचे भाव चढले आणि मागच्या मोकळ्या जागेवर खोल्या उठल्या. न्हाणीचें पाणी अळूऐवजीं गटारांत जाऊं लागलें. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातूर शहराला रेल्वेनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत मिळून पांच लाख लिटर पाणी होतें. ज्या जिल्ह्यांत एक तांब्या तीनदां वापरला जात होता, त्याच जिल्ह्यानें तो दिवस पाहिला.

या संकटाला एकटें परस उपाय नव्हे. कमी पाऊस, आटलेलें धरण, पाणी पिणारीं पिकें आणि वाढतें शहर यांचा भार घरामागच्या अळूवर घालणें न्यायाचें होणार नाहीं. तरी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पाणी जपण्याची संवय जुन्या घरांत उपदेशानें आली नव्हती. समोर तहानेलें वासरूं होतें, कोमेजणारें रोप होतें, म्हणून ती आली. ज्या मुलानें पाणी कोणासाठीं वांचवावें तें कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्याला नुसत्या आंकड्यांनीं तें पटविणें अवघड आहे. चाकूरच्या नव्या घरांमागें आता गोठ्याला जागा नसेल. पण हात धुतलेलें पाणी जेथें उतरेल अशा ठिकाणीं एक लिंबाचें झाड, आणि चिमण्यांसाठीं भिंतीवर पाण्यानें भरलेलें एक परळ, एवढें अजून कोणत्याही घराला परवडेल. यंदाच्या सुटींत तें परळ रोज भरण्याचें काम घरांतल्या सर्वांत लहान हातांकडे द्यावें.