कोलकात्यातील क्लाउड सर्व्हरशी संपर्क अडतो तेव्हा

अमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीने २०२२ मध्ये कोलकाता येथे 'लोकल झोन' सुरू केला. पूर्व भारतातील ग्राहकांना जवळच संगणनसुविधा देणारे हे केंद्र तांत्रिकदृष्ट्या मुंबई विभागाचाच विस्तार आहे. मुंबईत उभारलेले खासगी जाळे कोलकात्यापर्यंत वाढविता येते. त्यामुळे कोलकात्यातील सर्व्हर सुरू असूनही त्याच्याशी संपर्क होत नसेल, तर त्याचे कारण मुंबईतील जाळ्यासाठी पूर्वीच लिहिलेल्या एखाद्या फायरवॉल नियमात दडलेले असू शकते.

पहिला दुवा संगणकावर उमटणाऱ्या संदेशातच मिळतो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे उत्तर तत्काळ आले, तर विनंती बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचलेली असते. तेथील सेवा बंद असते किंवा दुसऱ्या पोर्टवर चालू असते. बराच वेळ काहीच न घडता 'टाइम्ड आउट' असा संदेश आला, तर संशय फायरवॉलवर घ्यावा. ही व्यवस्था नको असलेली विनंती नाकारल्याचे कळवीत नाही, ती मुकाट्याने टाकून देते. केवळ 'पिंग' चालत नाही यावरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण त्यासाठी वेगळा नियम लागतो.

येथे पहारे दोन असतात. सर्व्हरला जोडलेला 'सिक्युरिटी ग्रुप' आत येऊ दिलेल्या विनंतीची आठवण ठेवतो आणि तिचे उत्तर आपोआप बाहेर जाऊ देतो. सबनेटच्या सीमेवरील 'नेटवर्क एसीएल'ला अशी स्मृती नसते. तेथे जाण्याचा आणि येण्याचा नियम स्वतंत्रपणे लिहावा लागतो. वेबसेवेसाठी पोर्ट ४४३ आत येण्यास खुले केले, तरी उत्तर ग्राहकाच्या संगणकावरील तात्पुरत्या पोर्टकडे परत जाते. त्यासाठी १०२४ ते ६५५३५ ही कक्षा बाहेर जाण्यास मोकळी हवी. नेमकी हीच बाब वारंवार विसरली जाते. शिवाय हे नियम क्रमांकानुसार तपासले जातात आणि पहिला जुळणारा नियम अंतिम ठरतो. १०० क्रमांकाच्या नियमाने मनाई केली असेल, तर २०० क्रमांकाच्या परवानगीला अर्थ उरत नाही. नव्याने तयार केलेल्या एसीएलमध्ये तर प्रारंभी सर्वच वाहतूक बंद असते.

दोष कोणत्या पहाऱ्यावर आहे, हे 'फ्लो लॉग'वरून कळते. विनंतीपुढे 'ॲक्सेप्ट' आणि तिच्या उत्तरापुढे 'रिजेक्ट' अशी नोंद असेल, तर एसीएलचा बाहेर जाण्याचा नियम तपासावा. नोंदी तत्क्षणी दिसत नाहीत. संकलनाचा प्रचलित कालावधी १० मिनिटांचा असून तो १ मिनिटापर्यंत कमी करता येतो.

दोन्ही पहारे निर्दोष आढळल्यास दुसऱ्या टोकाकडे पाहावे. कोलकात्याच्या झोनमधील सार्वजनिक आयपी पत्ते मुंबईच्या पत्त्यांपेक्षा वेगळ्या गटातील असतात आणि मुंबईचा राखीव पत्ता तेथे हलविता येत नाही. एखाद्या बँकेने किंवा भागीदार संस्थेने आपल्या फायरवॉलमध्ये केवळ मुंबईच्या पत्त्यांना परवानगी दिली असेल, तर कोलकात्याहून गेलेली विनंती त्यांच्या दाराशीच अडते. अशा वेळी आपले नियम कितीही बदलले तरी उपयोग नसतो.

घाईत सर्व जगासाठी, म्हणजे ०.०.०.०/० या पत्त्यासाठी, दार उघडण्याचा मोह होतो. 'तात्पुरता' म्हणून केलेला असा नियम पुढे महिनोन्‌महिने तसाच राहतो. चाचणीसाठी स्वतःच्या एकाच पत्त्यापुरती, /३२ अशी परवानगी पुरेशी असते. फ्लो लॉग जपून ठेवण्यास आणखीही एक कारण आहे: सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस राखणे बंधनकारक आहे.