रोमानियन भाषेंतील ‘दुश्मान’

रोमानियन भाषेंत शत्रूस ‘दुश्मान’ म्हणतात. लातिन कुळांतील या भाषेंत आपल्या कानास इतका ओळखीचा शब्द आढळला म्हणजे मन सहजच संस्कृताकडे धांव घेतें. ‘दुर्मनस्’ शब्द समोर दिसतो. आणि हिंदुस्थानांतून तिकडे गेलेल्या रोमा लोकांनीं तो नेला असावा, असा तर्कही सुचतो. रोमा लोकांची भाषा हिंदी-आर्य शाखेची, हें निर्विवाद आहे. तथापि प्रस्तुत तर्क टिकत नाहीं.

शब्दाचें रूपच त्याविरुद्ध साक्ष देतें. संस्कृतांत ‘दुस्’ या उपसर्गापुढें मकार आला असतां सकाराचा रेफ होतो. म्हणून दुर्मति, दुर्मुख, दुर्मनस्. अवेस्तेच्या भाषेंत त्याच स्थळीं ऊष्मवर्ण कायम राहतो: ‘दुश्मनह्’, म्हणजे दुष्ट मनाचा. रोमानियन शब्दांत रेफ नाहीं, शकार आहे. एवढ्यानेंच त्याचें इराणी कुळ ठरतें. अर्थही पहावा. संस्कृत दुर्मनस् मुख्यत्वें खिन्न मनुष्य. इराणी शब्दांत वैरभाव. ग्रीक ‘दुस्मेनेस्’ हाही वैरीच. हीं भावंडें होत. त्यांत जन्यजनकभाव शोधूं नये.

फारशी ‘दुश्मन’ उस्मानी तुर्कांनीं घेतला. वालाकिया व मोल्दाविया हीं संस्थानें पंधराव्या शतकांत सुलतानास खंडणी देऊं लागलीं. पुढें मोल्दावियांत १७११ पासून व वालाकियांत १७१६ पासून १८२१ पर्यंत सुलतानानें नेमलेले फनारी अधिपति होते. या दीर्घ सहवासांत शेंकडों तुर्की शब्द रूढ झाले. लझर शइनेआनु यांचा या पौर्वात्य प्रभावावरील ग्रंथ १९०० सालीं निघाला. शत्रुवाचक स्लाव्ह ‘व्रझ्माश’ पूर्वींचा. लातिन ‘इनामिक’ अर्वाचीन. (आपल्या इनामाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.)

वैर या अर्थीं रोमानियन ‘दुश्मनीये’ व आपली ‘दुश्मनी’ यांचें साम्य मात्र फसवें आहे. तुर्कींत वैरास ‘दुश्मनलिक’ म्हणतात. तुर्की शब्दाचें मूळ घेऊन रोमानियनांनीं आपला प्रत्यय त्यास लाविला. आपल्याकडे सबंध शब्दच फारशींतून आला. मूळ एक, शेंडे निराळे.

त्याच वाटेनें गेलेला अरबी ‘मुसाफिर’ रोमानियांत प्रवासी राहिला नाहीं, पाहुणा झाला. तो पालट तुर्कांच्या घरींच झालेला होता.