टेसेरा आणि मस्टर

‘हंगर गेम्स’मधल्या देशाचं नाव पानेम. लॅटिनमध्ये पानेम म्हणजे भाकरी. ‘भाकरी आणि खेळ’ हा रोमन कवी जुव्हेनलचा टोमणा. तिथली गरीब मुलं वर्षभराच्या धान्यासाठी ‘टेसेरा’ घेतात, आणि प्रत्येक टेसेऱ्यामागे जीवघेण्या खेळाच्या सोडतीत त्यांच्या नावाची एक चिठ्ठी वाढते. शब्द रोमचाच, धान्याच्या टोकनाचा.

मला आजीचं मस्टर आठवलं. १९७२च्या दुष्काळात ती पारनेरकडे खडी फोडायला जायची. मस्टरवर नाव लागलं तरच मजुरी. नाव लागावं म्हणून ती पहाटे निघायची; पानेममधली मुलं नाव निघू नये म्हणून हात जोडतात.

रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, काम मागणं हक्क ठरलं. आजी मात्र शेवटपर्यंत त्याला ‘दुष्काळी’च म्हणायची.