विम्याची पेन्शन: लोकपालाच्या निवाड्यानंतर पुन्हा दाद मागता येते का?

विमा कंपनीने पेन्शन अडवली आणि लेखी तक्रारीनेही भागलं नाही, तर विमा लोकपालाकडे मोफत दाद मागता येते. २०१७ च्या नियमांप्रमाणे लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ३० दिवसांत अंमल करावा लागतो. तक्रारदाराला तो पटला नाही, तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. अमडापूरकरांसाठी हा आयोग बुलढाण्याला आहे. तिथली मुदत, वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षं. मात्र लोकपालाने सुचवलेली तडजोड 'पूर्ण व अंतिम' म्हणून लेखी मान्य केली, की तोच वाद पुन्हा उकरणं अवघड. म्हणून आम्ही सांगतो, घरातल्या बुजुर्गांची सही होण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवा. सरकारी पेन्शनचे वाद या लोकपालाकडे जात नाहीत.